विरुपाक्षअण्णांचं अनुमोदन

आपल्याकडे खुर्चीत आधीच बसलेल्या माणसाला खुर्चीत बसण्याची विनंती करायची पद्धत आहे. पाहुणे येतात, हारतुरे होतात, अध्यक्ष व्यासपीठावरच्या मधल्या खुर्चीत चांगले ऐसपैस टेकलेले असतात, समोरचं पाणीही अर्धं पिऊन झालेलं असतं. आणि मग एक जण माईकपाशी येऊन सुचवतो की आजच्या सभेचं अध्यक्षस्थान अमुक यांनी स्वीकारावं. हा सूचक. तो बसला की दुसरा उठतो आणि म्हणतो, या सूचनेला माझं अनुमोदन आहे. हा अनुमोदक. मग अध्यक्ष खुर्चीतून चार बोटं वर उठल्यासारखं करतात आणि पुन्हा बसतात. ‘नको, हे गृहस्थ नकोत’ असं कोणी म्हटल्याचं अजून तरी ऐकिवात नाही. तरीही हे झाल्याशिवाय सभा सुरू होत नाही, कारण सगळं रीतसर व्हावं लागतं.

सोलापुरातल्या नागरिक विचार मंडळाचे अनुमोदक म्हणजे विरुपाक्ष हत्तुरे. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. भवानी पेठेत त्यांचं बटणं, दोरे, चेनी आणि कॉलरीत घालायचं बकरम विकायचं दुकान. शाळेचे गणवेश शिवणारे कारखानदार आणि घरी बसून काजं-बटणं करणाऱ्या बायका ही त्यांची गिऱ्हाइकं. माणूस मूळचा कानडी सीमेजवळच्या मैंदर्गी गावचा. घरात कानडी, बाजारात मराठी, शिक्षण नववीपर्यंत. दहावीला बसायच्या आत वडील गेले आणि अण्णा सोलापुरात मामाच्या दुकानी आले, ते कायमचेच. शिकायचं राहून गेलं ही सल मात्र गेली नाही. तिच्यावर उतारा म्हणून ते व्याख्यानांना जायला लागले.

संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेचे मुख्य दिवस आटोपले की प्रजासत्ताक दिनापर्यंतचा आठवडा मंडळाची व्याख्यानमाला चालते. एका जुन्या वाचनालयाचा वरचा मजला, लोखंडी खुर्च्या, मागे खोकणारी मंडळी. विषय दरवर्षी एकच, लोकशाही. फक्त अंगं वेगवेगळी. संसदेचं कामकाज, पक्षांतरबंदी आणि तिच्यातल्या पळवाटा, न्यायालय आणि सरकार, मतदार नेमकं काय बघून मत देतो. ‘लोकशाहीपुढील आव्हाने’ या विषयावर तर इतकी भाषणं झाली की एव्हाना ती आव्हानंसुद्धा कंटाळली असतील. वक्ते पुण्याहून येत, कोल्हापुराहून येत, एकदा तर थेट दिल्लीहून आले. अण्णा एकही संध्याकाळ चुकवत नसत. ऐकलेलं सगळं कळत असे असं नाही; पण बायकोला वाटे त्यापेक्षा बरंच जास्त कळत होतं.

अनुमोदकाचं काम त्यांच्याकडे आलं ते अगदी योगायोगानं. पूर्वी हे काम एक निवृत्त मास्तर करत. एका वर्षी ऐन उद्घाटनाच्या दिवशी मास्तरांचा घसा बसला. मंडळाचे अध्यक्ष गुरुशांत वकील यांनी सभागृहावर नजर फिरवली. पहिल्या रांगेत पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा सदरा घालून बसलेले अण्णा त्यांना दिसले. “हत्तुरे, तुम्ही उभे राहा. एवढं एक वाक्य म्हणायचं.” अण्णा उभे राहिले. वाक्य नीट आलं. वकीलसाहेब कार्यक्रमानंतर म्हणाले, “आवाज चांगला आहे तुमचा.” नववीत शाळा सुटलेला म्हणवून घ्यायची सवय झालेल्या माणसाला शहरातल्या मोठ्या वकिलानं चारचौघांत असं म्हणावं, याचं मोल ज्याचं त्यालाच कळतं. त्या दिवसापासून मंडळात अनुमोदन म्हणजे अण्णा.

गुरुशांत वकील वाईट माणूस नव्हते, हे सांगितलंच पाहिजे. नाहीतर पुढचं सगळं त्यांच्यावर ढकलून मोकळं होता येईल. मंडळ त्यांनी उभं केलं, वक्त्यांना स्वतःच्या घरी उतरवून घेतलं, कधी कोणाला उलट बोलले नाहीत. फक्त ते सुरुवातीपासून अध्यक्ष होते आणि दरवर्षी बिनविरोध होते. बिनविरोध निवड झाली की आपल्याकडे पेढे वाटतात. विरोध करायला कोणी उरलं नाही याचा आनंद लोकशाहीवर व्याख्यानं भरवणाऱ्या मंडळाला का व्हावा, असा प्रश्न तिथं कोणाला पडला नाही. अण्णांनाही नाही. उलट त्या निवडीचं अनुमोदनही दरवर्षी त्यांचंच असे.

या कामाची एक ठरून गेलेली रीत होती. सूचक बोलून बसला की वकीलसाहेब चष्म्यावरून अण्णांकडे पाहत आणि हनुवटी किंचित खाली करत. एवढंच. ती हनुवटी हलली की अण्णा उठत. कोणी ही रीत घालून दिली नव्हती, कोणी ती कधी बोलून दाखवली नव्हती. पण इतक्या वर्षांत अण्णा हनुवटीच्या आधी उठले नाहीत आणि हनुवटी हलल्यावर बसून राहिले नाहीत.

पेठेत त्यांची थट्टाही होई. लग्नाच्या बैठकीत मुलगी पसंत पडली की कोणीतरी हमखास ओरडे, “अण्णा, अनुमोदन!” आणि अण्णा खरंच उभे राहून म्हणत, “माझं अनुमोदन हाय.” सगळे हसत, अण्णाही हसत. घरी त्यांच्या बायको अंबुबाई भाकरी थापताना म्हणायच्या, “दुसऱ्यानं बोलल्यालं बराबर हाय म्हनायला तुमाला टाळ्या मिळत्यात. मी रोज म्हनते, मला कोन टाळ्या देतंय?” अण्णा त्यावरही मान डोलवत.

आता मेहनाजचं सांगायला हवं, कारण अण्णांच्या आयुष्याला जी दुसरी सल लागली ती तिच्यामुळे. तिच्यामुळे म्हणणंही चूकच, अण्णांच्या स्वतःमुळे.

मेहनाजची आई चांदबी गणवेशांना काजं-बटणं करून घर चालवायची. बटणं न्यायला मेहनाज दुकानात यायची, आणि बटणं बांधून होईपर्यंत तोंडाची टकळी चालू. शाळेत काय झालं, बाई काय म्हणाल्या, ते कसं चूक होतं. एकदा अण्णा म्हणाले, “पोरी, इतकं बोलतीस, तर माईकवर बोल की.” आणि तिला मंडळाच्या वादविवाद स्पर्धेत घेऊन गेले. विषय होता, मतदान सक्तीचं असावं की नसावं. मेहनाजनं नसावं या बाजूनं असे काही मुद्दे काढले की परीक्षक एकमेकांकडे बघायला लागले. बक्षीस घेताना तिनं खाली बसलेल्या अण्णांकडे बोट करून सांगितलं, “यांनी आणलं मला.” अण्णांना स्वतःची पोर बक्षीस घेतेय असं वाटलं. त्यांना मूलबाळ नव्हतं.

पुढे ती पदवीधर झाली, रेल्वेच्या परीक्षा द्यायला लागली, आणि जोडीनं मंडळाचं सगळं काम तिच्या अंगावर येत गेलं. वक्त्यांना फोन, पत्रिकेचा मजकूर, भाषणं मोबाइलवर घेऊन लोकांना पाठवणं. वकीलसाहेब तिचं कौतुक करत. “मंडळाचं भविष्य आहे ही,” असं पाहुण्यांना सांगत. भविष्याला कार्यकारिणीत मात्र घेतलं नव्हतं; तिथं जागाच रिकामी होत नसे.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत एक संध्याकाळ झाली. पुण्याचे एक नामांकित प्राध्यापक ‘लोकशाहीत सामान्य नागरिकाचं स्थान’ या विषयावर बोलले. सुरेख बोलले. मेहनाजनं त्या दिवशी आईला आग्रह करून आणलं होतं. चांदबी दिवसभराचं काम उरकून, धुवट साडी नेसून, मागच्या रांगेत बसली होती. भाषण संपलं, सूत्रसंचालक म्हणाले की श्रोत्यांनी प्रश्न विचारावेत. आणि चांदबी उभी राहिली.

“साहेब, मला एक इचारायचं हाय.”

सभागृहानं वळून पाहिलं. सूत्रसंचालक गोड हसून म्हणाले, “ताई, प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्या. आपल्याकडे तशी पद्धत आहे.”

पद्धत खरीच होती. कोणी लांबण लावू नये म्हणून प्रश्न चिठ्ठीवर घेत, आणि कोरे कागद वाटायचं काम अण्णांकडे असे. ते कागद आणि पेन घेऊन तत्परतेनं चांदबीपाशी गेले. तिनं कागदाकडे पाहिलं. मग अण्णांकडे पाहिलं. “मला लिवायला येत न्हाई वो अण्णा,” ती हळूच म्हणाली. अण्णांना हे ठाऊक होतं. इतकी वर्षं ती दुकानात येत होती, सही करायच्या जागी अंगठा देत होती. तरी त्या घटकेला ते कागद पुढे धरून उभे राहिले, कारण कागद द्यायची पद्धत होती. “जाने दो,” म्हणत चांदबी खाली बसली. सामान्य नागरिकाच्या स्थानावरचा कार्यक्रम पुढे सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी मेहनाज दुकानात आली. चिडलेली नव्हती, आणि अण्णांना त्याचीच जास्त भीती वाटली. स्टुलावर बसून ती म्हणाली, “अण्णा, मी सर्वसाधारण सभेत ठराव मांडणार आहे. महिन्यातून एकदा मंडळानं एकेका पेठेत जाऊन चर्चा घ्यायची. व्याख्यान नाही. विषय लोकांनी ठरवायचा. पाणी चार-पाच दिवसांनी का येतं, नगरसेवक निवडून आल्यावर त्याला जाब कसा विचारायचा, असले. दोन बाजू बोलतील, मग ज्याला बोलायचंय त्यानं उठून बोलायचं. चिठ्ठी नाही. शेवटी हात वर करून मत.”

“झकास हाय की,” अण्णा म्हणाले. आणि त्यांना ते खरंच झकास वाटलं. इतकी वर्षं ऐकलेल्या भाषणांचं काहीतरी व्हायचं असेल तर ते हेच, असं त्यांच्या मनात आलं.

“ठरावाला अनुमोदक लागतो.”

“मग मी हाय की! मी न्हाय तर कोन?”

“नक्की ना? साहेबांना बहुतेक आवडणार नाही.”

“अगं, माझं कामच हाय ते.” अण्णा हसले. मेहनाजही हसली आणि बटणांचा पुडा घेऊन गेली.

सभा मार्चमधल्या एका रविवारी सकाळी होती. वाचनालयात पंचवीस-एक माणसं, खाली चहा आणि भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा सुशीला तयार, पंखे घरघर करत. मागच्या सभेचं इतिवृत्त मंजूर झालं, जमाखर्च मंजूर झाला, वकीलसाहेबांची फेरनिवड झाली. प्रत्येक वेळी सूचक बोलला, हनुवटी हलली, अण्णा उठले. मग मेहनाज उभी राहिली. तिनं ठराव वाचला आणि चार वाक्यांत कारण सांगितलं. आईचं नाव घेतलं नाही. म्हणाली, “आपण लोकांना लोकशाही सांगतो. लोकांचं ऐकायची सोय आपल्याकडे नाही.” आणि शेवटी अण्णांच्या दिशेनं पाहून ती बसली.

वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, “ठराव सभेपुढे आहे. अनुमोदक?”

अण्णांनी वकीलसाहेबांकडे पाहिलं. सवयच होती. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, उठायच्या बेतानं ते हनुवटीची वाट बघू लागले. वकीलसाहेबांची नजर अण्णांच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे गेली.

“अनुमोदक?”

अण्णा तसेच. त्यांच्या मनात ठरावाविरुद्ध काही नव्हतं. आता उठायचं, एवढंच त्यांना माहीत होतं. आता, साहेबांनी पाहिलं की लगेच. साहेब पाहत नव्हते. बाजूच्या रांगेत मेहनाज त्यांच्याकडे पाहत होती, आणि ते त्यांना दिसतही होतं. सभागृहातलं दुसरं कोणी हललं नाही. कोणालाही वाटलं असणार, अनुमोदन म्हणजे अण्णा. अण्णाच बसलेत म्हणजे द्यायचं नसणार.

“तिसऱ्यांदा विचारतो. अनुमोदक?”

पंखा घरघरत राहिला.

“अनुमोदन नसल्यानं ठराव बारगळला आहे,” वकीलसाहेब म्हणाले. “पुढचा विषय. सभागृहासाठी प्लास्टिकच्या शंभर खुर्च्या घेण्याबाबत.” खजिनदारांनी खुर्च्यांचा ठराव मांडला. वकीलसाहेबांनी चष्म्यावरून अण्णांकडे पाहिलं, हनुवटी खाली केली, आणि अण्णा ताडकन उठून खणखणीत आवाजात म्हणाले, “या ठरावाला माझं मनःपूर्वक अनुमोदन आहे.”

वाक्य तोंडाबाहेर पडलं आणि मग त्यांना कळलं आपण काय केलं ते. मेहनाजकडे पाहायचं धाडस झालं नाही. ते खाली बसले तेव्हा कानात नुसता पंखा वाजत होता.

सभेनंतर मेहनाजनं नेहमीसारख्या सुशीलाच्या बशा भरल्या, सगळ्यांना दिल्या. अण्णांनाही दिली, वर शेव जास्तच घातली, त्यांना आवडते म्हणून. “येते अण्णा,” म्हणाली आणि जिना उतरून गेली. ओरडली असती, दोन शब्द लावले असते, तर बरं झालं असतं. बशी तशीच खाली ठेवून अण्णा घरी निघाले.

घरी आल्यावर अंबुबाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “एनातु?” काय झालं, असं त्यांनी कानडीत विचारलं. काळजीचं बोलणं घरात कानडीतच होई. अण्णांनी सगळं सांगितलं. सांगताना स्वतःची बाजूही जरा सावरून मांडली, की साहेबांनी पाहिलंच नाही, वेळ फार थोडा मिळाला. अंबुबाई ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, “तुमाला काय खुर्चीला बांधलं होतं व्हय?”

बांधलं असतं तर उत्तर तरी असतं. त्यानंतरच्या दिवसांत दुकानात बसल्या बसल्या अण्णा तेच उगाळत राहिले. आपण भ्यालो का? नाही, वकीलसाहेब त्यांचं काय वाकडं करणार होते? ठराव पटला नव्हता का? मनापासून पटला होता. शिकलेल्या माणसांचं एकेक वाक्य आठवून त्यांना स्वतःचाच राग येई. जागरूक नागरिक, प्रश्न विचारणारा नागरिक, सत्तेला जाब विचारणारा नागरिक. पहिल्या रांगेत बसून ऐकलेली ती सगळी भाषणं, आणि वेळ आल्यावर आपण परवानगीची वाट बघत बसलो. तीही कोणाची? ज्याच्याविरुद्ध उठायचं होतं त्याचीच.

मेहनाज मंडळात येईनाशी झाली. दुकानातही चांदबीच यायची, बटणं न्यायची, तब्येतीचं विचारायची. तिनं एका शब्दानं काही काढलं नाही. पावसाळ्यात कधीतरी तिनंच सांगितलं, “मेहनाजला रेल्वेत लागली नोकरी. कुर्डुवाडीला. तिकिटाच्या खिडकीवर.” अण्णांनी पेढे आणून तिच्या हातात दिले. आनंद खरा होता, पण मेहनाज कशी आहे हे विचारायचं त्यांनी टाळलं.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी ते कुर्डुवाडीला गेले. गाडीतून उतरले आणि खिडकीपाशी रांगेत उभे राहिले. त्यांची पाळी आल्यावर मेहनाजनं वर न पाहताच विचारलं, “कुठलं?” मग वर पाहिलं. “अण्णा! तुम्ही?”

तिच्या जेवणाच्या सुट्टीत दोघं फलाटाच्या टोकाच्या बाकावर बसले. तिनं डबा उघडून अर्धी भाकरी त्यांच्यापुढे केली. अण्णांना गाडीत ठरवलेलं काहीच बोलता येईना. शेवटी सरळच म्हणाले, “मी चुकलो, पोरी.”

“जाऊ द्या हो अण्णा.”

“जाऊ द्या कसं? मी तुला शब्द दिल्ता.”

मेहनाजनं भाकरीचा तुकडा डब्यात ठेवला. “खरं सांगू? तुम्ही घाबरून बसला असता तर मी भांडले असते तुमच्याशी. पण तुम्ही घाबरला नव्हता. मी बघत होते ना तुमच्याकडे. तुम्ही साहेबांच्या तोंडाकडे बघत बसला होता, शाळेतल्या पोरानं लघवीला जाऊ का म्हणून बाईंकडे बघावं तसे. मला तुमची कीव आली. तेच मला सहन झालं नाही.”

अण्णांनी मान खाली घातली. मग विचारलं, “चांदबीला त्या दिवशी काय इचारायचं होतं गं?”

“मलाही नाही सांगितलं तिनं. आधी म्हणायची, जाने दे. आता विचारलं तर म्हणते, विसरले.”

“येत्या सभेत पुन्ना मांड. मी सगळ्यात आदी उठतो. साहेब बघू दे न्हाईतर न बघू दे.”

“मी नाव काढून घेतलं मंडळातून. आणि अण्णा, एकदा मांडलं ना मी. पुन्हा उभं राहून सगळ्यांच्या तोंडाकडे बघायची माझी इच्छा नाही आता.” ती हे रागानं म्हणाली नाही, थकून म्हणाली. इतक्या लहान वयात हा थकवा तिला कुठून आला होता, ते अण्णांना माहीत होतं.

“मग मी मांडतो,” अण्णा म्हणाले.

तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. पहिल्यांदाच जरा हसली. “मांडा की,” म्हणाली. खिडकीपाशी पुन्हा रांग लागली होती. ती डबा झाकून आत गेली.

पुढच्या मार्चमधली सभा. तेच वाचनालय, तीच माणसं, एक-दोन कमी झालेली. खुर्च्या तेवढ्या नव्या. अण्णा आदल्या दिवसापासून जेवले नव्हते. आयत्या वेळच्या विषयांची वेळ आली आणि कोणी काही म्हणायच्या आत, हनुवटीकडे न बघता, अण्णा उभे राहिले. “अध्यक्षमहाराज, मला एक ठराव मांडायचाय.”

सभेत खसखस पिकली. वकीलसाहेबही हसले, पण लगेच गंभीर झाले. “मांडा अण्णा. तुमचा हक्क आहे.”

अण्णांनी मांडला. पाठ केलेली वाक्यं जागच्या जागी विसरले आणि मग स्वतःच्या भाषेत बोलले. “ह्यो ठराव माझा न्हाई, मेहनाजचा हाय. आपन इतकी वर्सं लोकशाहीवर ऐकतोय. मी समद्यात म्होरं बसून ऐकलं. पर हितं एक बाई उठली इचारायला, तर मी तिच्या हातात कागद दिला. तिला लिवता येत न्हाई ते मला ठाव असून दिला. आपन पेठंत जाऊ, लोकास्नी तोंडानं बोलू देऊ. एवढंच.” त्यांचा आवाज शेवटी कापला. आवाज चांगला आहे असं त्या दिवशी कोणी म्हटलं नसतं.

“ठराव रीतसर आहे,” वकीलसाहेब म्हणाले. “अनुमोदक?”

अण्णा उभेच होते. उभ्या माणसाला सभागृह कसं दिसतं ते त्यांना त्या दिवशी कळलं. गुडघ्यांवर हात ठेवलेल्या माणसांच्या रांगा, आणि एकूणएक चेहरा त्यांच्या अंगावरून पलीकडे, वकीलसाहेबांकडे वळलेला. यातले निम्मे त्यांचे मित्र होते. दोघांनी तर काल दुकानात चहा पिताना ‘चांगलं आहे, मांडा’ म्हटलं होतं. ते आपल्या चपलांकडे बघत होते.

“अनुमोदक?” दुसऱ्यांदा.

मग तिसऱ्यांदा.

“माझं अनुमोदन हाय,” अण्णा म्हणाले.

सभागृहात हसण्याचा स्फोट झाला. दुष्टपणानं नाही, प्रेमानंच हसले सगळे. अण्णांची थट्टा करायची तर पेठेला सवयच होती. खजिनदारांनी डोळे पुसले. वकीलसाहेब हसू आवरत, समजुतीच्या सुरात म्हणाले, “अहो अण्णा, स्वतःच्याच ठरावाला स्वतः अनुमोदन देता येत नाही. इतकी वर्षं हेच काम करताय तुम्ही!”

“ठाव हाय मला, साहेब,” अण्णा म्हणाले. “ह्या ठरावाला न्हाई दिलं. गेल्या वर्सीचं द्यायचं राहिलं होतं.”

हसणं थांबलं. वकीलसाहेबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा घातला. मग समोरचा कागद त्यांनी उलटला. “ठराव बारगळला आहे. पुढचा विषय.” खजिनदारांनी ध्वनिक्षेपकाच्या दुरुस्तीचा ठराव वाचून दाखवला.

मग वकीलसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि हनुवटी खाली केली. अण्णा बसून राहिले. हनुवटी क्षणभर थबकली, मग शेजारच्या खुर्चीकडे वळून पुन्हा हलली, आणि शेजारचे गृहस्थ उठले.